धार न लावलेल्या तलवारी

आम्ही ढाणकी सोडली ती भर बाजाराच्या दिवशी, दुपारी. विळ्या-कोयत्यांना धार लावणाऱ्या शिकलगाराने बाजाराच्या दिवशी गाव सोडावं, याहून उफराटं काही नाही. त्या एका दिवसावर आमचा आठवडा निघायचा. टेम्पोत गाद्या, भांडी, अब्बांचं पायाने फिरवायचं धारेचं चाक, आणि सगळ्यांत वर रडून लाल झालेली मी. रंजना, फरजाना, माझ्या मैत्रिणींनो, तुम्ही दोघी मागे धावत ओरडत होता, "काहून चालली वं?" मला तरी कुठे माहीत होतं! अम्मी एवढंच म्हणाली, "पांढरकवड्यात लय काम हाये."

काम कसलं डोंबलाचं! हायवेवरच्या ट्रकवाल्यांना विळे थोडेच लागतात? अब्बा चाळिशीत पंक्चर काढायला शिकले. मी मात्र वर्षानुवर्षं त्यांच्यावर धुमसत राहिले. पुढे नर्स होऊन मँचेस्टरला निघाले तेव्हा नागपूरच्या विमानतळावर मला रडूही आलं नाही. सुटायचं ते गाव आधीच सुटलं होतं.

इथे माझ्या शेजारी नोराबाई राहतात, ऐंशीच्या घरातल्या. त्यांचे पूर्वज आयर्लंडहून पोटासाठी आलेले हातमागवाले. तळघरांत राहायचे, आणि कमी मजुरीत विणतात म्हणून इथले विणकर त्यांचा रागराग करायचे. तरीही दोनशे वर्षांपूर्वी, 'एवढ्या मोठ्या शहराचा पार्लमेंटात एकही माणूस नाही, आम्हाला मताचा हक्क द्या' म्हणत हजारो लोक इथल्या सेंट पीटर्स मैदानाकडे निघाले, तेव्हा हे आयरिश त्याच विणकरांच्या बरोबरीने चालले. मला नवलच वाटलं. मी तर युनियनच्या मीटिंगलासुद्धा मागची खुर्ची धरून बसते. परमुलखात आपण कशाला मधे पडायचं, असं माझं आपलं साधं गणित.

यंदाच्या ऑगस्टमध्ये नोराबाई मला तिथल्या स्मारकापाशी घेऊन गेल्या. गोल दगडी पायऱ्या, त्यांवर मेलेल्यांची नावं. त्या सभेला बायका पांढरे कपडे घालून, लेकरं घेऊन आल्या होत्या. जत्रेला यावं तसे आलेले ते लोक, आणि त्यांच्यावर सरकारी अधिकाऱ्यांनी घोडेस्वार घातले. नोराबाईंचा कुणी खापरपणजोबा खांद्यावर वार घेऊन घरी आला आणि काम जाऊ नये म्हणून जखम सदऱ्याखाली लपवून पुन्हा मागावर बसला. पहिले घुसलेले घोडेस्वार परके नव्हते. शहरातल्याच दुकानदार-गिरणीवाल्यांची हौशी पलटण होती ती.

"आणि सभेच्या आधीच त्यांनी तलवारींना धार लावून घेतली होती," नोराबाई म्हणाल्या.

मी पायरीवर बसले. धार लावून घेतली होती, म्हणजे कुणीतरी ती लावून दिली होती. मी शिकलगाराची मुलगी. मला घोडे दिसेनात, तलवारी दिसेनात, चाकावर वाकलेला तो माणूस तेवढा दिसत राहिला.

तिथूनच अब्बांना फोन लावला आणि सगळं सांगितलं. विचारलं, "अब्बा, त्या माणसाले समजलं नसन का?"

अब्बा म्हणाले, "समजते, बेटा. मले बी समजलं होतं."

"कधी?"

"ढाणकीत. सणाच्या आधी काही जणायनं धार लावाले पोतंभर तलवारी आणल्या होत्या. मी म्हटलं, चाक बिघडलं. ते म्हणे, उद्या येतो. जवळपास दुसरा कोणी धार लावणारा नव्हता, म्हणून दुसऱ्या रोजी चाकासकट निंगालो आपण."

"कोण होते?"

"नावं कायले पाह्यजे तुले? वळखीचेच होते."

मी फोन ठेवला. नोराबाई माझ्या पाठीवरून हात फिरवत होत्या. हे लिहितानाही मी सावरलेले नाही. ज्या माणसावर मी अर्धं आयुष्य रुसले, त्याने आपला धंदा, आपला बाजार, आपलं गाव एका दुपारी सोडून दिलं आणि चकार शब्द काढला नाही.

त्या सणाला ढाणकीत काहीच झालं नाही. तुम्ही दोघी नवे कपडे घालून गावभर हिंडला असाल. आम्ही का गेलो, हे कुणाला कळायचं कारणच उरलं नाही.

आता इथे कुणी विचारलं, घर कुठलं, तर मी पांढरकवडा म्हणत नाही, मँचेस्टर तर नाहीच. ढाणकी म्हणते. तिथे नावं कोरलेला एकही दगड नाही.