हिरव्या पजेरोची जोडी

सौंसरात नत्थूजी कंपाउंडर म्हटलं की लोकांना आधी त्यांचे हात आठवतात. गाय अडलेली असो की गोऱ्ह्याचं पोट फुगलेलं असो, गुरांच्या दवाखान्यातले डॉक्टर येईपर्यंत नत्थूजी त्या मुक्या जीवाच्या पाठीवरून हात फिरवत बसायचे, आणि तेवढ्यानंच ते जनावर अर्धं बरं व्हायचं. आता पेन्शन लागली. त्याच हातांत आता बोटभर लांबीच्या धातूच्या मोटारी असतात. त्याही साध्या मोटारी नाहीत. जीपच्या जातीच्या, उंच, रुंद छातीच्या, मागं स्टेपनी अडकवलेल्या. बोलेरो, थार, स्कॉर्पिओ, फॉर्च्युनर. बसक्या मोटारींकडं ते ढुंकूनही पाहत नाहीत.

"थे शेयी होय," शेळीला नाक मुरडावं तसं म्हणतात. "मले बैल दाखव, बैल!"

नाद लागायला काही मोठं कारण घडलं नाही. पोळ्याच्या रांगेत कुणाची जोडी सरस हे सांगायचा मान पुष्कळ वर्षं नत्थूजींकडं होता. पुढं शेतात ट्रॅक्टर शिरले, तोरणाखालची रांग दरसाल आखूड होत गेली, आणि एका पोळ्याला तर पाहायला बैलांपेक्षा माणसंच जास्त. त्याच आठवड्यात बाजारात जुन्या खेळण्यांच्या ढिगात एक काळी जीप त्यांच्या हाताला लागली. प्लास्टिकची असेल म्हणून सहज उचलली, तर हाताला वजन लागलं. वजन लागलं आणि माणूस फसला. तेव्हापासून घरातलं औषधांचं काचेचं कपाट रिकामं होत गेलं आणि तिथं मोटारी उभ्या राहत गेल्या.

"लोकायच्या कपाटात कपबश्या राह्यते," त्यांची बायको वच्छलाबाई येणाऱ्याजाणाऱ्याला सांगते, "आमच्या कपाटात मोटरस्टँड हाये. फक्त कंडक्टर नाई."

नुसत्या जमवल्या असत्या तर गोष्ट वेगळी. नत्थूजी त्या पारखतात. एकच गाडी दोन कंपन्यांनी काढली असेल तर दोन्ही आणतात आणि समोरासमोर उभ्या करतात. आधी वजन, मग खूर, म्हणजे चाकं, मग छाती, मग चाल. काचेचा एक लांब तुकडा आहे, त्याच्या एका टोकाखाली पाट ठेवून उतार करतात आणि वरून गाडी सोडतात. नाकासमोर गेली तर पास. रंग सगळ्यात शेवटी पाहतात, कारण व्यापारी बैल रंगवूनच आणतो, हे त्यांना नोकरीनं शिकवलेलं.

या खेळात त्यांना बरोबरीचा गडी एकच मिळाला, पांढुर्ण्याचे मुकुंद मास्तर. तिगावच्या स्टेशनावर एकदा गाडी फार वेळ खोळंबली होती. बाकावर नत्थूजी नव्या घेतलेल्या स्कॉर्पिओचं चाक फिरवून पाहत होते. शेजारचा चष्मेवाला माणूस बराच वेळ चुळबुळ करून शेवटी म्हणाला, "डबी फेकली का हो तुम्ही हिची?" तिथून जी ओळख झाली ती झालीच.

पण दोघांचा पंथ वेगळा. मास्तरांकडं मोटारी नत्थूजींपेक्षा जास्त, आणि सगळ्या डबीत बंद. दुकानातून आली तशीच डबी कपाटात जाते. पारदर्शक झाकणातून पाहायची, फडक्यानं पुसायची, परत ठेवायची. त्यांच्या हातून कुठल्याही गाडीचं चाक कधी फिरलेलं नाही.

"हवा लागली की वस्तू जुनी होते, नत्थूजी."

"मास्तर, बैलाले जन्मभर दावणीलेच बांधून ठेवसान त थो बैल होय का खुंटा?"

यंदा उन्हाळ्यात असं झालं की दोघांना एकच गाडी मिळाली. जुनी पजेरो, हिरवी, एकाच कंपनीची. आता ती निघत नाही, शोधूनही सापडत नाही. मग कुणाची सरस? फोनवर आंब्याचे दिवस गेले, पावसाळा लागला, वाद काही मिटेना. डबी उघडल्याशिवाय मिटणारही नव्हता. शेवटी मास्तर हळूच म्हणाले, "पोळ्याच्या करीला आणतो. पण उघडीन तुमच्या घरी, तुमच्या समोर, आणि पाहून झालं की लगेच बंद."

नत्थूजींना त्या रात्री नीट झोप आली नाही. एखाद्यानं आपली लेक पहिल्यांदा पाहुणी म्हणून पाठवावी, तसं त्यांना वाटत होतं.

करीचा दिवस ठरला त्यालाही कारण आहे. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पांढुर्ण्यात गोटमार असते, नदीच्या दोन काठांवरून दोन गावं एकमेकांवर दगड चालवतात. मास्तरांच्या धाकट्या भावाच्या कपाळावर त्याची खूण आहे. त्यामुळं गोटमारीच्या सकाळी मास्तर पहिली बस धरून सौंसर गाठतात, ते दुसऱ्या दिवशीच परततात. सौंसरात त्या दिवशी तान्हा पोळा. लेकरं लाकडी बैलांना सजवून, दोरीनं ओढत दारोदार फिरतात, बोजारा म्हणून खाऊ मिळवतात, आणि संध्याकाळी देवळापुढच्या मैदानात रांग लावतात. खरे बैल कमी झाले तसे नत्थूजी आता लाकडी बैलांची पारख करतात. मान तोच, बैल तेवढे लहान.

पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी त्यांनी आपल्या पजेरोच्या चाकांना सुईच्या टोकानं तेल दिलं. बैलांचे खांदे हळद-तुपानं चोळून त्यांना दुसऱ्या दिवशीच्या जेवणाचं आवतन द्यायची ही वेळ. वच्छलाबाईनं दारातून पाहिलं.

"आवतन देऊन राहिले का तिले? पुरणपोळी खाईन का पेट्रोल पेईन, इचारून घ्या."

करीला मास्तर आले. पाणी प्यायले, पिशवीतून डबी काढली, टेबलावर ठेवली आणि तिच्याकडं पाहत बसले. नत्थूजींनी ब्लेड पुढं केलं. मास्तरांनी ते घेतलं, खाली ठेवलं, चष्मा पुसला, पुन्हा घेतलं. मग चिकटपट्टी कडेकडेनं कापली, आणि एरवी अशा वेळी टोमणा मारल्याशिवाय न राहणाऱ्या नत्थूजींनी डबी हलू नये म्हणून ती दोन बोटांनी धरली.

दोन हिरव्या पजेरो शेजारी शेजारी उभ्या राहिल्या. वजन सारखं. छाती सारखी. मग काचेवर चाल पाहिली. मास्तरांची गाडी दोरी धरल्यासारखी सरळ उतरली. नत्थूजींची अर्ध्यात डावीकडं ओढ खाऊन काचेवरून खाली पडली.

"टेबल वाकडं हाये," नत्थूजी म्हणाले.

"माझ्या वेळी सरळ होतं का?"

जेवणं झाली. दोघांचेही डोळे जड झाले. जागे झाल्यावर एकदा शेवटचं पाहून डबीत घालू, असं ठरवून गाड्या तिथंच पडवीतल्या टेबलावर ठेवल्या आणि दोघं आत आडवे झाले.

इतक्यात दारावर लेकरांची टोळी आली. वच्छलाबाई बिस्किटं वाटत होती. सगळ्यांच्या मागं तृप्ती उभी होती, पलीकडच्या भाडेकरूची पोर. तिचे मायबाप दूरच्या मुलखातले, तिकडं तान्हा पोळा नाही, म्हणून घरात लाकडी बैलही नाही. पोरीनं हातात नुसती दोरी धरली होती.

"आजी, हिच्याजवळ बैलच नाई, आन् बोजारा मांगून राहिली!" एक पोरगं ओरडलं. बाकीची फिदीफिदी हसली.

वच्छलाबाईला ते सोसलं नाही. टेबलावर पाहिलं तर एकासारख्या एक दोन मोटारी. आपल्या माणसाच्या सवयीप्रमाणं दोन्ही त्याच्याच असणार, एक गेली तर काय कपाट ओस पडते? तिनं हाताला लागली ती उचलली, तिच्या पुढच्या दांडीला दोरी बांधली, कपाळावर, म्हणजे टपापुढं, कुंकवाचं बोट लावलं आणि म्हणाली, "घे माय. हा तुया नंदी. यायच्या नंदीपेक्षा जोरात पयते, पाहून घे."

चार वाजता दोघं उठले. टेबलावर एकच पजेरो.

वच्छलाबाईनं जे झालं ते सांगितलं. सांगता सांगता नवऱ्याचा चेहरा पाहून तिचा आवाज बारीक होत गेला. "मले का मालूम, भाऊजी, एक तुमची होय म्हून."

उरलेली कुणाची? नत्थूजींनी ती काचेवर ठेवली. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी मनात नवस बोलला, की सरळ जा बाई. गाडी अर्ध्यात डावीकडं ओढली आणि खाली पडली.

रिकाम्या डबीचं झाकण मास्तरांनी लावलं, चिकटपट्टी जिथं कापली होती तिथं अंगठा फिरवून दाबली आणि डबी पिशवीत ठेवली. रागावले असते तर बरं झालं असतं.

"मास्तर, माही घेऊन जा."

"तुमची घेऊन काय करू? ती तुमच्या हातची आहे."

तेवढ्यात मैदानातून भोंग्यावर पुकारा झाला, परीक्षक नत्थूजींनी यावं. जाणं भाग होतं. नत्थूजींनी आपली पजेरो हळूच बंडीच्या खिशात घातली. मनात बेत होता. दोन्ही सारख्याच, पोरीला काय कळते? गर्दीत अदलाबदल करून मास्तरांची मास्तरांना द्यायची. दिलेला बोजारा परत मागायचा नसतो, पण एकाच्या जागी तसाच दुसरा ठेवला तर मागितला असं होत नाही. स्वतःची अशी समजूत घालत ते चालले होते आणि मास्तर मागून पिशवी छातीशी धरून येत होते.

मैदानात लाकडी बैलांची रांग लागली होती. झुली, बाशिंगं, फुगे. शेवटाला तृप्ती, आणि तिच्या पायाशी हिरवी पजेरो. टपावर झेंडूचं फूल दोऱ्यानं बांधलेलं, कुंकू ओघळून काचेवर आलेलं, दाराच्या कडेला खड्यानं ओरखडा गेलेला. नत्थूजींनी मास्तरांकडं पाहायचं टाळलं. ते गुडघे टेकून पोरीपुढं बसले, जसे आजारी वासरापुढं बसत.

"पाहू माय तुया नंदी."

खिशातल्या गाडीवर त्यांची बोटं आली होती. पण पोरगी म्हणाली, "आबाजी, चाल पाहून घ्या आधी," आणि दोरी ओढत धावत सुटली.

मैदान ते कसलं, खडे, खळगे, चिखल वाळून झालेल्या बैलांच्या खुरांच्या खुणा. लाकडी बैल त्यावर दर पावलाला आडवे होत होते. हिरवी पजेरो खळग्यात उतरायची, वर यायची, आणि नाकासमोर जायची. मास्तर एक पाऊल पुढं आले. मग आणखी एक. चष्मा वर करून पाहू लागले. त्यांच्या इतक्या वर्षांच्या गाड्यांमधली ही पहिलीच, जी मातीत चालताना त्यांनी पाहिली.

पोरगी धापा टाकत परत आली. नत्थूजी अजून खिशात हात घालून बसलेले. मास्तर खाली वाकले, गाडीच्या ओरखड्यावर बोट फिरवलं, कुंकू बोटाला लागलं ते धोतराला पुसलं नाही.

"नत्थूजी," ते म्हणाले, "तुम्ही कसले परीक्षक? एकटा बैल रांगेत कसा उभा केला?"

"मंजे?"

"पोळ्याला जोडी लागते की नाही? हिच्या जोडीचा तुमच्या खिशात आहे. मघापासून पाहतोय मी."

नत्थूजींनी खिशातली मूठ आवळली. चोरी पकडली गेली म्हणून, आणि आता आपलीही जाणार म्हणूनही. काचेच्या कपाटातली ती जागा डोळ्यापुढं आली. तिला परवाच तेल दिलं होतं. मास्तर तसेच वाकून उभे होते, बोटाला कुंकू लावून. त्यांची गेली तेव्हा त्यांनी नुसतं रिकाम्या डबीचं झाकण लावलं होतं.

नत्थूजींनी गाडी काढली, आपल्या हातानं दोरीचं दुसरं टोक तिला बांधलं आणि मास्तरांनी आपल्या बोटाचं कुंकू तिच्या टपाला लावलं. पोरगी जोडी घेऊन पुन्हा धावली. लेकरं आपापले बैल टाकून तिच्या मागं पळाली.

दोघं म्हातारे मैदानाच्या कडेला उभे राहिले.

"डावीकडचा ओढ खातो," मास्तर म्हणाले.

"थो तुमच्यावाल्याले सांभाळून चालून राहिला," नत्थूजी म्हणाले. "नवीन जनावर हाये तुमचं. कधी दावणीतून बाहेर निघालं व्हतं का?"

मास्तरांनी छातीशी धरलेली पिशवी खाली सोडली. मग म्हणाले, "पुढच्या करीला ती लाल फॉर्च्युनर आणतो. ब्लेड तयार ठेवा."