कॅप्टनांचा दातेरी पट्टा

कॅप्टन हे नाव शेजाऱ्यांनी चेष्टेने ठेवलं आणि कॅप्टनांनी ते मानाने मिरवलं. वास्तविक त्यांची सगळी नोकरी इमारतींमधल्या लिफ्ट तपासण्यात गेली. लिफ्ट धडधाकट आहे असा शिक्का मारायचे आणि सातव्या मजल्यावरून जिन्याने उतरायचे. विचारलं तर म्हणायचे, "तेवढाच व्यायाम."

निवृत्तीनंतर लोक कुंड्यांना पाणी घालतात, सुनांना सल्ले देतात. कॅप्टनांनी गॅरेजात विमान बांधायला घेतलं. एका माणसाचं, तोही अंग चोरून बसला तर. विमानाचं खरं इंजिन घ्यायचं तर राहतं घर विकावं लागलं असतं, म्हणून त्यांनी बायकोच्या गाडीचं इंजिन काढलं. सकाळी ती बिचारी किल्ली फिरवत बसली होती, आणि गाडीच्या पोटात काहीच नव्हतं. तेव्हापासून ती बसने जायची आणि आल्यावर बसबद्दल बोलायची.

गाडीच्या इंजिनाची खोड अशी, की ते भन्नाट फिरलं तरच ताकद देतं. विमानाच्या पंख्याला मात्र तो वेग सोसत नाही. नुसता किंचाळतो, ओढत काही नाही. दोघांचा संसार जमवायला मध्ये वेग उतरवणारं कुणीतरी लागतं. कॅप्टनांनी आधी दोन गिअर बसवले आणि त्या गिअरांच्या हिशोबाने लाकडाचा पंखा स्वतः कोरला. गिअरांनी पहिल्याच दिवशी दात पाडून घेतले. मग कॅप्टन पट्ट्याच्या नादी लागले. इंजिनावर लहान पुली, पंख्याच्या दांड्यावर मोठी, आणि दोघींवर मिळून तळहाताएवढा रुंद दातेरी पट्टा. नव्याचे नऊ दिवस म्हणतात, पण हे वेड वर्षानुवर्षं टिकलं.

पट्टा फार आवळला तर बेअरिंग जळतं, सैल सोडला तर दाते चुकवून उडी मारतो. त्यातून इंजिन तापलं की पुल्या एकमेकींपासून सरतात आणि पट्टा आपोआप आणखी ताणतो. म्हणून कॅप्टन रोज तो दोन बोटांत पिळून बघायचे, नट जरासा आवळायचे, चहा घ्यायचे आणि परत सैल करायचे. इंजिन चालवायचे ते पंख्याविना. गॅरेजात पंखा फिरवला असता तर पत्रे उडाले असते. पंखा खोक्यात झोपून होता. विमान पुरं व्हायला नेहमी एकच रविवार कमी पडायचा.

शेवटी एका संध्याकाळी बायको बसमध्ये उभी राहून आली आणि पर्स टेबलावर आपटून म्हणाली, "अहो, या रविवारी ते मैदानावर न्या. उडालं तर इंजिन जन्मभर तुमचं. नाही उडालं तर त्याच दिवशी माझ्या गाडीत."

"अगं, पण पट्ट्याचा ताण अजून..."

"शब्द द्या."

कॅप्टनांनी दिला. दुसरं करणार काय?

रविवारी फ्लाइंग क्लबचे परीक्षक आले. मेहुणा फजिती बघायला घरून घडीची खुर्ची घेऊन आला आणि विमानाच्या मागे, सावलीत बसला. कॅप्टन आत बसले, इंजिन सुरू झालं, पट्टा गुणगुणायला लागला. परीक्षकांनी हात हलवला. कॅप्टनांनी वेग वाढवला आणि विमान ऐटीत मागे निघालं. मेहुणा वेळेवर पळाला. खुर्ची राहिली.

इंजिन बंद झाल्यावर परीक्षकांनी पंख्यावरून हात फिरवला. "हा गिअरच्या वेळचा ना? गिअर फिरण्याची दिशा उलटवतो. पट्टा नाही उलटवत. म्हणून पंखा उलटा फिरून वारा पुढे फेकत होता."

इतकी वर्षं कॅप्टनांनी पट्ट्याची नाडी पाहिली, पण पंखा आता कुठल्या अंगाने फिरणार एवढं बघायचं राहून गेलं. लोक पोट धरून हसले. कॅप्टनांना लाज वाटली, भरपूर वाटली. पण लाजेच्या खाली त्यांना हायसंही वाटत होतं, आणि त्याचीच त्यांना जास्त लाज वाटत होती.

"पण काम एक नंबर आहे बरं का," परीक्षक म्हणाले. "असा पट्टा बसवलेला मी पाहिला नाही. क्लबात बरोबर दिशेचा पंखा पडून आहे, मापात बसेल. दुपारी उडवा की!"

नवऱ्याची स्तुती परक्याच्या तोंडून बायको पहिल्यांदाच ऐकत होती. तिचा चेहरा फुलला. "मग बसवा ना! मी थांबते संध्याकाळपर्यंत. बस काय, रोजचीच आहे."

कॅप्टनांनी वर पाहिलं. आभाळ फारच उंच होतं.

"नको," ते म्हणाले. "उडालं नाही ते नाही. शब्द म्हणजे शब्द. इंजिन आजच गाडीत."

मेहुणा खो खो हसला. "भावोजी, तंतरली वाटतं!"

बायकोने कॅप्टनांकडे पाहिलं. ते पाना नटावर बसवायला बघत होते आणि पाना खडखडत होता. तिला सगळं कळलं.

"घाबरायला काय झालंय त्यांना?" ती भावावर डाफरली. "माझे बसचे हाल बघवत नाहीत, म्हणून करतायत. उगाच दात काढू नकोस."

मग तिने कॅप्टनांच्या हातातून पाना घेतला आणि पहिला नट स्वतःच सैल केला.