छातीतलं यंत्र आणि माझा शूर भाऊ

नव्वदच्या दशकातली शेवटची वर्षं. शाळेतून निवृत्त होऊन मी रोह्याजवळ वरश्याला एकटी राहत होते. बाजारात दोनदा बेशुद्ध पडले, तेव्हा मुंबईच्या डॉक्टरांनी माझ्या छातीत, कातडीखाली, काडेपेटीपेक्षा थोडं मोठं यंत्र बसवलं. हृदयाचे ठोके भलतेच सुटले, की ते आतून झटका देऊन त्यांना ताळ्यावर आणणार. “त्या वेळी कुणी तुम्हाला धरलं तरी त्याला काही होत नाही,” हेही डॉक्टरांनी सांगितलं होतं. माझा थोरला भाऊ तिथेच बसून मान डोलवत होता.

तो पेणचा. सगळ्या आळीला अक्कल वाटत फिरणारा. मी त्याच्याकडे गेले की मिक्सर बंद, टीव्ही बंद. “हिच्यात बॅटरी हाय,” असं तो दारावरच्या भाजीवालीलाही सांगायचा. नातवंडांना माझ्या मांडीवर बसू देत नसे. मला वाटे, माणूस इतकी वर्षं वर्तमानपत्र वाचतो, तर थोडं तरी डोक्यात शिरत असेल! शिरत नव्हतं.

त्याच्या मुलीच्या साखरपुड्याला त्याने मला हॉलच्या कडेला खुर्ची टाकून बसवलं. व्हिडिओवाल्याला बजावलं, “तिकडे वायर नेऊ नका.” पेढे वाटत असताना मला एकदम गरगरलं, आणि छातीत आतून म्हशीने लाथ मारावी तसा दणका बसला. मी खुर्चीवरून खाली आले. शुद्ध होती, सगळं ऐकू येत होतं.

“हात लावू नका! करंट हाय!” भाऊ ओरडला, आणि स्वतः पहिला मागे सरला. त्याच्यामागे व्याही, त्यांच्यामागे भरजरी शालू. इंजिनियर जावईबापूसुद्धा. माझ्याभोवती मोकळं मैदान झालं.

वहिनी हातातलं ताट तिथेच टाकून आली. तिचं नि माझं कधीच पटलं नाही; तिच्या मते मी आढ्यताखोर, माझ्या मते ती भांडखोर. तिने माझं डोकं मांडीवर घेतलं. “काय होतंय गो? बोल की!”

“करंट लागेल तुला,” भाऊ लांबून म्हणाला.

“लागूं दे. तुमी डॉक्टरला फोन करा आधी.”

तोही तिलाच करावा लागला. डॉक्टर म्हणाले, एकच झटका बसलाय आणि आता बरं वाटतंय, तर घाबरू नका, उद्या दाखवायला या.

पुढच्या आठवड्यात भाऊ वरश्याला आला. माझ्या शेजाऱ्यांना बसवून सांगू लागला, “मी गर्दी पांगवली म्हणून हिला हवा मिळाली. नायतर काय खरं नव्हतं.”

“दादा,” मी म्हटलं, “तू पार दारात पोचला होतास. एक चप्पल पायात होती, दुसरी शोधत होतास.”

शेजारीण तोंडाला पदर लावून आत पळाली. तो चहा न घेताच उठला आणि पुढे कितीतरी दिवस माझ्याशी बोलला नाही. त्या दिवसांत माझी तब्येत फार छान होती.

यंत्र तपासायला मुंबईला जाताना वहिनी पेणला माझ्या एसटीत चढायची. पनवेल येईपर्यंत आमचं एकदा तरी भांडण व्हायचंच. मग ती पिशवीतून घावन काढायची, आणि आम्ही भावाला नावं ठेवत खायचो.