डाव्या पट्टीवरचा शेंदूर

माझ्या बायकोच्या आजारपणात मी करता येतील तेवढे नवस केले, आणि ती गेल्यावर घोडपदेवच्या आमच्या खोलीतला देव्हारा जुन्या चादरीत गुंडाळून माळ्यावर टाकला. देव नाही असं मी कधी म्हटलं नाही. त्याच्याशी बोलणं तेवढं बंद केलं, भावाभावांत बंद होतं तसं. मी मूळचा तापट, त्यात मालवणी. अबोला धरला की नीट धरतो. चार वर्षं धरला. त्यामुळे हे लिहायला बसताना थोडी लाज वाटते आहे.

गोदीत मी खलाशी होतो. जहाजावरून जाणारा नव्हे. दोर, तारा, साखळ्या लावून अवजड माल उचलणाऱ्यालाही गोदीत खलाशीच म्हणतात. स्वेच्छानिवृत्ती घेतल्यावर शिवडीच्या बाजूला एका लहानशा यार्डात शिडाच्या बोटींच्या तारा बदलून देऊ लागलो. मुलगी तेव्हा शाळेत होती. शाळेतून परस्पर यार्डात यायची, कुणाच्याही बोटीवर चढायची, आणि बघता बघता ती माझ्यापेक्षा जास्त समुद्र ओळखू लागली. गेल्या हिवाळ्यात दादरच्या एका निवृत्त कप्तानांनी तिला आपल्या बोटीवर सोबतीला घेतलं. दोघं मुंबईहून सेशेल्सला जाणार होते. त्यांच्या बोटीची डोलकाठी जुनी, जरा वाकलेली होती. नवी काठी आणि तिला चारी बाजूंनी धरून ठेवणाऱ्या नव्या तारा बसवायचं काम माझ्याकडे आलं. ज्या काठीच्या भरवशावर माझी पोर अडीच आठवडे जमीन न बघता जाणार, ती मीच उभी करणार होतो.

या तारांची खालची टोकं बोटीच्या अंगातून वर आलेल्या पोलादी पट्ट्यांना अडकवतात. कप्तानांनी मला सरळ विचारलं होतं, "मिस्त्री, पट्ट्याही बदलायच्या का?" त्या काढायच्या तर केबिनमधलं सगळं लाकूडकाम उचकटावं लागलं असतं. मी पट्ट्या घासून चकचकीत केल्या, बोटाने टकटक वाजवल्या आणि म्हणालो, "साहेब, अजून दहा वर्षं काही होत नाही." गोदीत आम्ही क्रेनचे हुक लाल औषध लावून तपासत असू; भेग असली की त्यात रंग उतरतो आणि पुसल्यावर रेघ राहते. इथे तसं करायचं माझ्या मनातही आलं नाही. माझा हात फिरला म्हणजे झालं, अशी माझी घमेंड होती. खरं सांगायचं तर तीस वर्षांत ती मला कुणी दाखवून दिली नव्हती.

काठी चढवायला बोट धक्क्याला लागावी लागते, आणि तिथे पुरेसं पाणी फक्त मोठ्या भरतीला येतं. म्हणून अमावास्येची दुपार ठरली. आमच्याकडे अमावास्येला कुणी नवं काम काढत नाही. मी मात्र मुद्दामच हो म्हटलं.

क्रेनचा नेहमीचा माणूस त्या दिवशी आलाच नाही. त्याच्या बदल्यात एक साठीचा, काटक, कपाळाला गंध लावलेला ऑपरेटर आला. काठी उचलायचे कापडी पट्टे हुकाला लावून झाले, पाणी चढलं, कप्तान घड्याळ बघू लागले, तरी हा खाली उभा. मला म्हणाला, "मिस्त्री, गाऱ्हाणा कोण घालतलो?"

कोकणात कामाला हात घालण्याआधी वडीलधारा माणूस देवाला सगळं मोठ्याने सांगतो आणि बाकीचे 'व्हय महाराजा' म्हणतात, ते गाऱ्हाणं. मी म्हणालो, "भरती थांबत नाही. काम करा."

"गाऱ्हाण्याशिवाय मी काठी उचलूचंय नाय," तो शांतपणे म्हणाला.

मी तोंड फिरवलं. मग त्यानेच क्रेनच्या केबिनमधून शेंदराची डबी आणली. तेलात कालवलेला शेंदूर त्याने हुकाला लावला, काठीच्या बुंध्याला लावला, बोटीवर उतरून दोन्ही बाजूंच्या पट्ट्यांना चोपडला आणि माझ्या मुलीकडे एकदा बघून हात जोडले. "बा देवा महाराजा, आज ह्या चेडवान दर्याची वाट धरल्यान हा. तिची राखण कर. ह्या कामात कोणाच्या हातसून काय चुकला आसात, तर तां येळार दाखय, आणि पदरात घे रे महाराजा."

"व्हय महाराजा," माझी मुलगी म्हणाली. कप्तानही अडखळत म्हणाले. मी धक्क्यावर चढलेलं पाणी बघत राहिलो.

काठी उचलून, फिरवून, बोटीच्या पोटात बसवायला पाऊण तास गेला. पुढची आणि मागची तार लागली. उजवीकडची मुलगी लावत होती, डावीकडची माझ्याकडे होती. पट्टीवरचा तो चिकट शेंदूर बघून माझं डोकं फिरलं. रॉकेलच्या फडक्याने मी तो खसाखसा पुसला. पट्टी लखलखली. फक्त तार अडकवायच्या भोकाच्या खाली, डेकलगत, केसासारखी एक लाल रेघ राहिली. पुन्हा पुसली. नखाने खरवडली. ती तिथेच होती.

ती रेघ काय आहे हे मला कुणी सांगायची गरज नव्हती. वर काठी अजून हुकाने धरलेली होती, पाणी उतरायला लागलं होतं, आणि कप्तान ओरडत होते, "मिस्त्री, उशीर होतोय, खीळ घाला!" आणि आता लिहितोच आहे तर हेही लिहितो, की तार पट्टीत अडकवायची ती खीळ एक क्षण मी हातात घेतली होती. रेघ माझ्याशिवाय कुणी पाहिली नव्हती. आता घालून टाकू, निघण्याआधी काहीतरी निमित्त काढून बदलू, म्हणजे अब्रू राहील, असं मनात आलं. मी मान वर केली. पलीकडे मुलगी आपली तार आवळत होती. तिने एकदाही माझ्या बाजूला नजर टाकली नाही, कारण ती बाजू बाबांची होती.

मी खीळ खाली ठेवली आणि म्हणालो, "साहेब, काठी उतरवा. पट्टीला तडा आहे. माझी चूक आहे." शेवटचे तीन शब्द म्हणायला मला काठी उतरवण्याइतकेच कष्ट पडले. कप्तान माझ्याकडे बघतच राहिले. पुढची-मागची तार सोडेपर्यंत ऑपरेटरने ती काठी एक इंच हलू दिली नाही, आणि पाणी उतरता उतरता ती अलगद धक्क्यावर आडवी केली.

तिसऱ्या दिवशी लाकूडकाम उचकटून ती पट्टी बाहेर काढली, पकडीत धरली, आणि हाताने जोर दिला तशी ती त्या रेघेवर मोडली. मोडलेला भाग आतून काळपट होता, म्हणजे तडा जुना. भर समुद्रात ती सुटली असती तर काठी आडवी झाली असती. मी यार्डात सगळ्यांसमोर रडलो. मुलगी पाठीवर हात ठेवून उभी होती.

तेलकट लाल रंग भेगेत उतरतो, यात नवल काही नाही. ते मला त्या ऑपरेटरपेक्षा जास्त ठाऊक होतं. ज्याला ठाऊक होतं त्याने तपासलं नाही, आणि ज्याला ठाऊक नव्हतं त्याच्या हातून तपासून घेतलं गेलं, एवढंच मी सांगू शकतो. मी क्रेनवाल्यांकडे चौकशी केली. तो एक दिवसाच्या बदलीवर आला होता, पत्ता-नंबर कुणाकडे नव्हता. मी त्याचं नावही विचारलं नव्हतं.

सगळ्या पट्ट्या नव्या बसवल्या. पुढच्या मोठ्या भरतीला पुन्हा क्रेन आली, नेहमीच्या माणसासकट. त्याने विचारलं, "उचलू?" मी म्हणालो, "थांब." घरून आणलेली डबी उघडली, शेंदूर लावला आणि हात जोडले. शब्द सुचेनात. मग कसेबसे आले. "बा देवा महाराजा, चार वर्सा तुझ्याशी बोलाक नाय. माझी चूक दाखयलंस, ती पदरात घे. माका जमला तसा केलंय. आता हिका तूच सांभाळ."

मागून मुलीचा आवाज आला, "व्हय महाराजा."

दोघं सुखरूप पोहोचली. मी इतकी वर्षं समजत होतो की देवावर सोपवणं म्हणजे हात झटकणं. आता वाटतं, सोपवायचं ते आपलं केलेलं काम, चुकीसकट, उघडं करून. देव्हारा माळ्यावरून खाली आला आहे. त्यात एका कोपऱ्यात त्या मोडक्या पट्टीचा तुकडा आहे. संध्याकाळी दिवा लावला की मी आधी त्याच्या कडेला शेंदराचं बोट टेकवतो, आणि मग दिवसभरात काय काय चुकलं ते सांगायला बसतो.