व्हिडिओ सतरा जणांनी पाहिला

बाई शास्त्रज्ञांना आणि इंजिनिअरांना धंदा शिकवायच्या. म्हणजे प्रयोगशाळेत लागलेला शोध बाजारात कसा न्यायचा, ते. बोलायला सोपं आहे हो! ही मंडळी हुशारीत कुणाला हार जायची नाहीत, पण शोध लागला रे लागला की गावभर सांगत सुटणार. टाळ्यांची हौस दांडगी. म्हणून बाईंचा पहिला धडा ठरलेला: पेटंटचा अर्ज दाखल होईपर्यंत तोंडाला कुलूप. एकदा चारचौघांत सांगितलं की पेटंट हातचं गेलं, आणि पेटंट नसलेल्या वस्तूला कुठली कंपनी हात लावत नाही.

आणि घोळ घातला तो याच बाईंनी.

त्यांच्या वर्गातल्या एका पोरीने, तान्ह्या बाळाच्या रक्ताच्या थेंबावरून जंतुसंसर्ग ओळखणारी पट्टी बनवली होती. सहा वर्षं घासली होती तिने. पट्टीचं सगळं गुपित सांगणाऱ्या तिच्या सरावाच्या भाषणाचा व्हिडिओ बाईंनी वर्गासाठी म्हणून नेटवर चढवला आणि 'फक्त वर्ग'ऐवजी 'सर्वांसाठी' दाबून बसल्या. लक्षात आलं नवव्या दिवशी. सतरा जणांनी पाहिला होता. वर्गात माणसं अकरा.



"व्हिडिओ काढून टाकलास ना? मग विषय संपला," रात्री जेवताना नवरा म्हणाला. "झाकली मूठ सव्वा लाखाची."

"ते सहा जण कोण, ते कळल्याशिवाय कसला संपतोय," बाई म्हणाल्या आणि ताट बाजूला सारलं.

दुसऱ्या दिवशी पोरगी पेटंटच्या वकिलाचा फॉर्म घेऊन हजर. "बाई, एकदा नजर घाला, मग सही करते." तिसऱ्या पानावर प्रश्न होता: हा शोध यापूर्वी कुठे जाहीर केला आहे का? पोरीने 'नाही'वर खूण करून ठेवली होती.

बाईंनी दार लावलं आणि सगळं सांगून टाकलं. पोरगी रडेल, वाट्टेल ते बोलेल, अशी मनाची तयारी त्यांनी केली होती.

पोरीने 'नाही'वरच्या खुणेवर बोट ठेवलं.

"हे आणखी कुणाला माहीत आहे?"

"माझ्या नवऱ्याला."

"मग त्यांना सांगा, कुठे बोलू नका. तुम्हीही नका."

"अगं, ते खोटं होईल. उद्या त्या सहांतला एखादा 'मी हे आधीच पाहिलंय' म्हणत उभा राहिला तर?"

"माहीत आहे मला. तुम्हीच शिकवलंय." तिचा आवाज अगदी बारीक झाला होता.

तिने सही केली आणि कागद बाईंपुढे सरकवला. खाली 'वरील माहिती खरी आहे' या ओळीपुढे मार्गदर्शक म्हणून बाईंच्या सहीची जागा रिकामी होती.