ऑर्लस्टाइल घराण्याचा पहिला माणूस

"लग्न माझं आहे बाबा. नाव कुणाचं लावायचं ते मी ठरवीन."

"गिल्बर्टला विचारून तरी बघ. बायकोचं नाव लावणारे नवरे पूर्वीही होते. जमीन मिळायची त्यांना."

"आणि तू काय देणार आहेस? कोयता?"

ह्यूबर्ट ऑर्लस्टाइल यांनी हेरफर्डशरमध्ये चाळीस वर्षं कोयत्यानं झाडं छाटून, वाकवून जिवंत कुंपणं विणली. पण हात कुंपणात, जीव आडनावात. ते लावणारी उभ्या इंग्लंडात दोनच माणसं उरलेली, ते आणि त्यांची मुलगी विनिफ्रेड. म्हणून माणूस स्वस्थ बसायचाच नाही. रविवारचं जेवण अर्धं टाकून कुठल्याशा चर्चमागे थडग्यांवरचं शेवाळ खरवडायला जायचा. पबमध्ये नवखा कुणी सापडला, की आपला मूळपुरुष नॉर्मन सरदार कसा होता ते त्याला उठू न देता ऐकवायचा. आम्ही शेजारी त्यांना तोंडावर 'सरदार' म्हणायचो. त्यांना ते आवडायचं.

त्या दिवशी मी त्यांच्याकडे चहाला गेले होते, केकचे तुकडे करत होते. विनिफ्रेडनं पर्समधून एक कागद काढला. लग्नाच्या जेवणात घराण्याविषयी दोन शब्द बोलावेत म्हणून ती जिल्ह्याच्या दफ्तरखान्यात जाऊन आली होती. नॉर्मन सरदार तिला कुठेच भेटला नाही. भेटलं ते एक तान्हं पोर. सतराशे अडुसष्टच्या हिवाळ्यात दोन गावांच्या शिवेवर, आमच्याकडे 'ऑर्ल' म्हणतात त्या झाडांखाली, कुंपण ओलांडायच्या लाकडी पायरीवर, म्हणजे 'स्टाइल'वर, कुणीतरी ठेवून गेलेलं. पोसायचं कुणी, यावर दोन्ही गावं भांडली. आमचं गाव हरलं, पोर आमच्या गळ्यात पडलं. मग पाद्रीबुवांनी चिडून त्या पायरीचंच नाव पोराला आडनाव म्हणून दिलं. पायरी पलीकडच्या गावाची, हे सगळ्यांच्या कायम लक्षात राहावं म्हणून.

ह्यूबर्ट उठले, खिडकी उघडली, पुन्हा लावली. "अशी चार पोरं असतील. आपलं घराणं वेगळं."

"दफ्तरखान्यातलं ते पान मागवल्याच्या चिठ्ठीवर तुझी सही आहे, बाबा. अकरा वर्षांपूर्वीची."

मी सुरी खाली ठेवली. ते कोटाच्या बाह्या ओढत राहिले.

विनिफ्रेडचा आवाज आता उतरला होता. "सरदारासाठी मी हे नाव ठेवणार नाही. त्या पोरासाठी ठेवीन, माझ्या मुलांनाही देईन. गिल्बर्टची हरकत नाही, मी विचारलंय. फक्त शनिवारी जेवणाला सगळ्यांसमोर उभं राहून तू हे सांगायचंस. पबातली मंडळीही असतील तिथे. सांगशील?"

ह्यूबर्टनी आमच्या दोघींकडे पाहिलं. दाराशी जाऊन चिखलाचे बूट चढवले, नाड्या न बांधताच, आणि बाहेर पडून ते शिवेवरच्या ऑर्लच्या झाडांकडे चालू लागले.