धुळ्याचा सूर्य

रुपचंद विलायतेला शिकायला निघाला तेव्हा प्रेमकुंवरबाईंनी त्याच्या ट्रंकेत खाखऱ्यांचा डबा, लोणच्याची बरणी आणि हाताने लिहिलेला एक कागद ठेवला. कागदावर सूर्यास्ताच्या वेळा होत्या. वर्षभराच्या, पंचांगातून उतरवलेल्या, एकेका तारखेसमोर. घरात चौविहार होता. सूर्य मावळला की अन्नपाणी बंद, हा सासऱ्यांच्याही आधीपासूनचा नेम.

"एवढं पाळ," त्या म्हणाल्या, "बाकी तू जाणे आणि तुझं कॉलेज जाणे."

रुपचंदने कागदाची घडी कोटाच्या आतल्या खिशात ठेवली. एकोणीसशे पासष्टचा सप्टेंबर होता.

धुळ्यात आग्रा रोडवर रतनलालजींचं कापडाचं दुकान. मुलगा लीड्स नावाच्या गावी विणकामाची यंत्रं शिकायला गेलाय, हे ते प्रत्येक गिऱ्हाइकाला थान उलगडता उलगडता सांगत. प्रेमकुंवरबाईंना मात्र एकच धाकधूक. पोरगा शिकून येईल, पण आपला म्हणून येईल का? आणि ते ओळखायचं माप त्यांच्यापाशी एकच होतं, तो कागद.

डिसेंबरात निळं हवाईपत्र आलं. आईला तो बाईच म्हणे. "बाई, तुझ्या कागदाप्रमाणे रोज पावणेसहाच्या आत जेवतो. पण इथे चारलाच अंधार पडतो. म्हणजे मी पाळतोय का मोडतोय, ते कळव."

बाईंनी ते तीनदा वाचलं. सूर्य तर एकच. तो चारला कसा मावळेल? रतनलालजींनी मोसंबं घेतलं आणि खिडकीतल्या उन्हात फिरवून दाखवलं. "ही धुळ्याची बाजू. हा इथे वर रुपचंद."

"मग मी त्याला कोणता सूर्य दिला?"

"धुळ्याचा. तो काही ट्रंकेत घालून नेता येत नाही."

दूध घालायला येणारी तानुबाई दारातच उभी होती. तिने सगळं ऐकलं. "काकी, पोऱ्याले भूक लागनी का खावा दे. देव काय घड्याळ धरीसन बठना शे का?"

"तू दूध मोज," प्रेमकुंवरबाई म्हणाल्या. त्यांना तानुबाईचा राग आला आणि तिचं पटलंही, दोन्ही एकदमच.

चातुर्मास संपवून जैन साध्वी महासतीजी साक्रीकडे पायी विहार करून गेल्या होत्या. बाई एस.टी.ने साक्रीला गेल्या. महासतीजींनी शांतपणे ऐकलं आणि एवढंच सांगितलं, "जीव जिथे असेल तिथला सूर्य. त्याने तिथल्या दिवसात जेवावं." उत्तर मिळालं म्हणून बाई हलक्या मनाने परतल्या; पण गाडी कुसुंब्याला थांबली आणि नवंच कोडं पुढे आलं. आतापर्यंत पोराने रोज मोडलं ते आपल्याच अक्षरातला कागद पाळून. मग दोष त्याला लागला का आपल्याला?

त्यांनी लिहिलं, चारच्या आत जेव. जानेवारीत उत्तर आलं.

"साडेतीनला वर्ग चालू असतो. प्रोफेसरांकडे पंधरा मिनिटं मागितली. भला माणूस, रागावले नाहीत. नुसतं 'का' विचारलं. मी म्हटलं, आईने सांगितलंय. ते म्हणाले, आईचं कळलं, तू का करतोस? बाई, सगळा वर्ग माझ्याकडे बघत होता. सुट्टी मिळाली. उत्तर अजून सापडलेलं नाही."

प्रेमकुंवरबाई दिवसभर ते 'तू का' मनात घोळवत राहिल्या. तांदूळ निवडताना, सामायिकाच्या ध्यानाला बसल्यावरही. त्यांना हे कधी कोणी विचारलंच नव्हतं. सासूबाईंनी सांगितलं, त्यांनी केलं.

जूनमध्ये त्याने कळवलं की आता सूर्य साडेनऊला मावळतो. "सोबतची मुलं म्हणतात, तुझा धर्म उन्हाळ्यात स्वस्त होतो. मी सहालाच जेवतो. का ते विचारू नकोस."

त्यानंतरच्या पत्रांत यंत्रं असत, बर्फ असे, स्वतः लाटलेल्या वेड्यावाकड्या पोळ्या असत. एकदा घरमालकिणीशी भांडून मग तिची माफी मागितल्याचंही होतं. जेवणाच्या वेळेचं मात्र अक्षर नाही. बाईंनी तीन पत्रांत तेच विचारलं. त्याने तेवढं सोडून बाकी सगळ्याची उत्तरं दिली.

सदुसष्टच्या दिवाळीआधी पंधरा दिवस रुपचंद परत आला. चाळीसगावची गाडी उशिरा सुटली आणि तो घरी पोचेस्तोवर साडेसात झाले. सूर्य मावळून तास उलटला होता. पाचलाच केलेल्या बट्ट्या झाकून ठेवलेल्या. आपण बोलायचं नाही, तो काय करतो ते नुसतं बघायचं, असं बाईंनी सकाळपासून ठरवलं होतं. पण त्याचे बसलेले गाल पाहिले आणि जीभ घसरली.

"पाटावर बस. आजचा दिवस चालतं."

रतनलालजींनी चमकून बायकोकडे पाहिलं.

"नको बाई. सकाळी जेवेन."

"भूक नाही?"

"आहे ना. मनमाडपासून पोटात काही नाही."

बाईंचा ऊर भरून आला. तेवढ्यात त्याने खिशातून तो कागद काढून त्यांच्यापुढे धरला. घड्यांवर झिजलेला, डिंकाने चिकटवलेला. धुळ्याच्या प्रत्येक वेळेशेजारी त्याच्या अक्षरात तिथली वेळ होती. आणि कितीतरी तारखांवर फुल्या.

"ह्या कसल्या रे?"

"अंधारात जेवलो ते दिवस. आधीचे नकळत. नंतरचे जाणूनबुजून. दुसऱ्या हिवाळ्यात सोडूनच दिलं होतं."

"मग आज का जेवत नाहीस?"

रुपचंद हसला. "प्रोफेसरांसारखंच विचारलंस. तू दिलेलं मी मोडलं, बाई. पुढे पुन्हा धरलं, ते माझं मी. उद्या मोडलं तर तेही सांगेन."

बाई स्वयंपाकघरात ताट उचलून ठेवायला गेल्या. मागून रतनलालजी आले. "अहो," बाईंनी हळूच विचारलं, "पोरगा आपला म्हणून आला का?"

"आला, एवढं खरं," रतनलालजी म्हणाले.

सकाळी रुपचंदने चार बट्ट्या खाल्ल्या. बाई डाळ वाढता वाढता थांबल्या. "संध्याकाळी किती वाजता वाढू?"

"तू सांग. धुळ्याचा सूर्य तुझा."

तो थट्टा करत होता, का मान देत होता, का जुनी वस्तू परत करत होता, बाईंना कळेना. भिंतीवरच्या पंचांगात सहा वाजून सात मिनिटं होती.

"साडेपाचला ये," त्या म्हणाल्या. आणि हे आपण सांगितलं का विचारलं, ते त्यांचं त्यांनाच उमगलं नाही.